नदीच्या चित्रावर बोलायचं आहे

६ जानेवारी १९९१, रविवार

सकाळी वाचनालयाचे चिटणीस उदयसिंह राणे रिक्षातून आले. मांडीवर चादरीत गुंडाळलेलं चित्र. अडीच फूट बाय दोन, मोजून पाहिलं. कुणा जहाजावरच्या इंजिनियरने पनवेल सोडताना वाचनालयाला दिलं म्हणे. छापील प्रत आहे. चौकटीत बसवताना खालची पट्टी कापली गेली, त्यात चित्रकाराचं नावही गेलं. मागे पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं: ‘नदी, पॅरिस’.

राणे म्हणाले, “कर्णिकसाहेब, सोळा फेब्रुवारीला व्याख्यानमालेत यावर तासभर बोला. इम्प्रेशनिस्ट पद्धतीचं आहे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं. तुम्ही ड्रॉइंगची माणसं.”

मी म्हणालो, मी ड्राफ्ट्समन. चौतीस वर्षं पंपहाऊस आणि पाइपलाइनी काढल्या. चित्रातलं मला काही कळत नाही.

“आम्हाला तेवढंही कळत नाही,” राणे म्हणाले आणि चहा न घेता गेले.

बाहेरच्या खोलीत खिळ्यावर टांगलं. दगडी पूल, तीन कमानी, खाली नदी, काठाला बांधलेल्या होड्या, पलीकडे घरं, धुराडी, धूर. माणूस एकही नाही. सगळं धुरकट, उदास. आणि काम अतिशय अव्यवस्थित. माझ्या हाताखालच्या पोराने असं शीट आणलं असतं तर परत पाठवलं असतं.

९ जानेवारी, बुधवार

चित्रातल्या पुलाच्या कठड्यावर पट्टी ठेवली. रेघ अकरा ठिकाणी तुटते. दोन ठिकाणी तर चक्क खाली घसरते. भिंग लावलं तर पूल राहतच नाही, नुसते रंगांचे फराटे. याला चित्रकार म्हणायचं?

रमा हल्ली चहा अर्धाच कप देते. आज विचारलं तर म्हणाली, “निवायच्या आत पिऊन होतो. हवा असेल तर पुन्हा घ्या.” आणि कपसुद्धा गेले, कान असलेला स्टीलचा मग आला आहे. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर बायको काटकसरी होते हे नव्याने कळलं.

एक चांगलं झालं. गेल्या वर्षीच्या वहीत पानावर पंधरा ओळी बसायच्या, आता बावीस बसतात. वही तसलीच, बिनरेघी. अक्षर आटोपशीर झालं आहे. घरी बसल्यावर माणसाला शांतपणे लिहिता येतं.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

शेजारपाजारचे तिळगूळ घेऊन आले. मी हात पुढे केला की रमा मध्येच स्वतःची वाटी पुढे करते आणि “ह्यांच्या वाटचा मलाच द्या” म्हणते. लोक हसतात. पोरकटपणा वाढला आहे तिचा.

दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती. चष्मा ओट्यावर राहिलेला. म्हणाली, “अहो, पाणी हलतंय.”

“कुठलं?”

“चित्रातलं.”

मी उठून तिच्याजवळ गेलो. तिथून दहा-बारा फूट अंतर. माझाही चष्मा काढला. खरंच हलत होतं. कमानीची सावली पाण्यात लांबत, तुटत, परत जुळत होती. मी चार पावलं पुढे गेलो, फराटे झाले. मागे आलो, पाणी झालं. असं सात-आठ वेळा केलं. रमा म्हणाली, “पोळी करपली,” आणि आत गेली.

म्हणजे जवळून पाहायचं हे चित्रच नाही. माझा सगळा जन्म कागदापासून नऊ इंचांवर गेला.

१७ जानेवारी, गुरुवार

आज चित्रातला काळा रंग शोधला. नाही. पुलाच्या पोटाखाली गडद आहे, पण भिंगातून पाहिलं तर निळा, जांभळा, शेवाळी, एक विटकरी फराटा. मधल्या कमानीच्या पोटात त्रेचाळीस फराटे मोजले. जवळजवळचे दोन एका रंगाचे नाहीत.

खोटं वाटलं म्हणून चार वाजता गाढी नदीच्या पुलावर चालत गेलो. नवीन पनवेलात राहून सात वर्षं झाली, पण ह्या पुलावर कधी उभा राहिलो नव्हतो. बसमधून गेलो फक्त. खाली उतरून पुलाच्या सावलीत बराच वेळ पाहिलं. आधी काळीच दिसली. मग डोळे सरावले. कडेला जांभळी, मध्ये हिरवट, आणि जिथे आकाश पाण्यात पडलं होतं तिथे चक्क निळी. मी आयुष्यभर सावली म्हणजे काळ्या शाईच्या तिरप्या रेघा असं धरून चाललो.

परत येताना डाव्या पायातली नवी चप्पल निसटली नाही. रमाने मागून पट्टा असलेल्या आणल्या आहेत. मला आवडल्या नव्हत्या, पण चालायला बऱ्या आहेत हे कबूल केलं पाहिजे.

युद्ध सुरू झालं इराककडे. टीव्हीवर तेच.

२२ जानेवारी, मंगळवार

रमाला भाजी आणतो सांगून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला खोलीत चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मग एक वाक्य लिहून घेतलं. उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा आणि तर्जनी आपोआप चोळली जातात, जणू तपकीर धरली आहे. हे मला सप्टेंबरपासून माहीत आहे. कारखान्यातल्या शेवटच्या शीटवर सरळ रेघ सरळ आली नाही आणि ती हाताखालच्या पोराने मुकाट्याने पुन्हा काढून दिली, त्या दिवशी मी राजीनामा लिहिला. घरी सांगितलं, नव्या साहेबाशी पटत नाही.

डॉक्टर म्हणाले, मुंबईला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हणालो, व्याख्यान झाल्यावर.

“घरी सांगितलंत का?”

सांगेन म्हणालो. भाजी आणायची विसरलो. रमाने रिकामी पिशवी घेऊन खुंटीला लावली. घरात भाजी होतीच.

२६ जानेवारी, शनिवार

बेलपाड्याची सखूबाई शनिवारी मासळी घेऊन येते. तरुणपणी मिठागरावर काम केलेली, साठीची बाई. टोपली दारात ठेवून आत डोकावली.

“काय वो वैनी, ही कंची खाडी?”

“खाडी नाही, नदी आहे,” मी म्हणालो. “फ्रान्समधली.” आणि सहज विचारलं, कारण चार दिवस हेच कोडं सुटत नव्हतं, “सखूबाई, ही सकाळ आहे का संध्याकाळ?”

ती आत आली, कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. “सकाल हाय.”

“कशावरून?”

“होड्या बगा ना. समद्या बांदलेल्या. सांजच्याला होड्या येतात तवा मानसा उतरतात, टोपल्या उतरतात, किती गलका असतो. इतं कोन नाय. अजून कामाला लागायचे हायेत. आनि धूर बगा. आताच चुली पेटल्यात. जाड हाय, खालीच लोलतोय. वारा सुटला नाय अजून.”

मग होड्यांकडे बोट करून म्हणाली, “पानी इकरून येतंय.”

“ते कसं कळलं?”

“होडी दोरीनं बांदली का तोंड पान्याकरं करते. शालंत नाय शिकवत काय?”

भिंग घेऊन बसलो. होड्यांची तोंडं डावीकडे. आणि पाण्यातले सगळे फराटे डावीकडे जाड, उजवीकडे निमुळते. ब्रश डावीकडे टेकवून उजवीकडे ओढलेला. त्या माणसाने नदी जशी वाहत होती तसाच हात वाहवला आहे. वीस दिवस मी ज्याला अव्यवस्थित म्हणत होतो ते.

सखूबाईला सांगितलं, तुमचं नाव व्याख्यानात घेणार. म्हणाली, “नाव घेऊ नका, बोंबील घ्या.”

३१ जानेवारी, गुरुवार

आज वाईट दिवस. व्याख्यानासाठी मोठा तक्ता करायचा होता, पुलाची रचना दाखवणारा. बोर्ड काढला, कागद चिकटवला, टी-स्क्वेअर लावला. पट्टीच्या आधारानेही रेघ आली नाही. पेन पट्टीवर टकटक वाजत राहिलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर शाईची बाटली लवंडली.

रमा बाजारात होती ते बरं झालं. ती यायच्या आत फरशी पुसली. शाईचा डाग पूर्ण गेला नाही, त्यावर पाट सरकवला. ती आली, पाटाकडे पाहिलं आणि त्यावर बसून लसूण सोलू लागली.

त्या चित्रकाराचा राग आला. चांगला धडधाकट हात असून त्याला तुटक रेघा काढायची हौस. ज्याला सरळ काढता येत नाही त्याला विचारा.

५ फेब्रुवारी, मंगळवार

राण्यांकडे जाऊन सांगितलं, मला जमणार नाही.

“का हो?”

“घसा बसलाय.”

“मग माइक आहे ना,” ते म्हणाले आणि छापून आलेली पत्रकं समोर ठेवली. माझं नाव ठळक अक्षरात. खाली ‘ज्येष्ठ रेखाकार’. त्या दुसऱ्या शब्दाकडे बघवेना. एक पत्रक खिशात घालून परत आलो.

९ फेब्रुवारी, शनिवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी टिपणं काढायला बसलो होतो. रमा समोर येऊन बसली. हातात फुलस्केप कागद आणि तिचं पेन. म्हणाली, “तुम्ही सांगा, मी लिहिते.”

“तुला कशाला त्रास?”

“तुमचं अक्षर आता मुंगीएवढं झालंय. उभं राहून ते तुम्हाला तरी वाचता येणार आहे का?”

मी माझी टिपणं हातभर लांब धरून पाहिली. नाही आलं वाचता. माझंच अक्षर. ओळीच्या सुरुवातीला जेवढं, त्याच्या निम्मं शेवटी. आणि मी ह्याच वहीत त्याचं कौतुक लिहून ठेवलं आहे.

रमा म्हणाली, “अहो, मला गणपतीपासून माहीत आहे. आरतीचं तबक तुमच्या हातात होतं. ज्योती हलत होत्या आणि पंखा बंद होता.”

मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहिली. अर्धा कप. कानाचा मग. पट्ट्याच्या चपला. गेल्या महिन्यात तिने माझ्या तीन शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावली आणि धोब्यावर आळ घेतला. तिळगुळाची वाटी. कुणाला माझा हात दिसू नये म्हणून ती स्वतःचं हसं करून घेत होती आणि मी पोरकटपणा म्हणत होतो.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुम्हाला लपवायचं होतं, तर मी कशी उघडं पाडू?” मग कागद नीट करत, “पण आता पाच महिने झाले. मला पण भीती वाटते हो. एकटीने किती वाटून घेऊ?”

मी तिचा हात धरला. माझा थरथरत होता, तिच्या हातात जाऊन हळूहळू थांबला. असं थांबतो, दुसरं काही धरलं की थांबतो, हे मला ठाऊक नव्हतं. कारण कुणाचा धरलाच नव्हता.

मग आम्ही दुपारपर्यंत टिपणं केली. मी म्हणालो, लिही, चित्राचा भाव उदास आहे. तिने लिहिलं नाही.

“उदास कुठे? थंडी आहे. उदास माणूस इतक्या थंडीत नदीकाठी उभा राहून एकेक सावली बघत बसेल का? हात गारठले असतील त्याचे. तरी घरी गेला नाही. त्याला आवडलंय ते.”

“मग काय लिहायचं?”

तिने पेन गालाला लावून विचार केला. “लिहू का, की सकाळ झाली याचं त्याला बरं वाटलंय?”

लिही म्हणालो. महिनाभरात या चित्राविषयी याहून नेमकं माझ्या डोक्यात काही आलेलं नाही.

१७ फेब्रुवारी, रविवार

काल व्याख्यान झालं. साठ-पासष्ट माणसं होती. चित्र टेबलावर उभं केलेलं, शेजारी मी, हातात वेळूची काठी. पुलाकडे काठी नेली आणि तिचं टोक नाचू लागलं. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. एक जण पाण्याचा पेला घेऊन उठला.

मी काठी खाली ठेवली. रमा तिसऱ्या रांगेत होती. मी म्हणालो, “मला भीती वाटत नाहीये. माझा हात असाच हलतो. गेले काही महिने हलतोय. तेव्हा मी काठी वापरणार नाही, तुम्हीच जरा पुढे सरका.”

खुर्च्या सरकल्या. मोठा आवाज झाला. त्यानंतर मात्र मला हाताची आठवणच राहिली नाही.

मी होड्यांची तोंडं सांगितली, धूर सांगितला, आणि हे मला बेलपाड्याच्या सखूबाईंनी शिकवलं हेही सांगितलं. त्रेचाळीस फराटे सांगितले. सावलीत काळा नाही म्हटल्यावर निम्मी सभा भिंतीवरच्या आपापल्या सावलीकडे बघू लागली.

शेवटी एक गृहस्थ उठले. “साहेब, रागावू नका. पण असे फराटे मारायचे तर कुणीही मारेल. तुमचा हात हलतो म्हणालात. तुम्हीही काढाल.”

मागे कुणीतरी हसलं. राणे अर्धवट उठले. पण प्रश्न खोटा नव्हता. मीही हेच म्हणालो होतो, पट्टी लावून.

मी म्हणालो, “त्याचा हात हलत नव्हता. पाणी हलत होतं. मी हे चित्र महिनाभर भिंगाने पाहिलं. एक तरी फराटा फुकटचा आहे का, काढून टाकता येईल का, हे शोधत होतो. कारण तो माझा धंदा होता, दुसऱ्याच्या ड्रॉइंगमधल्या चुका शोधणं. मला सापडला नाही. तुम्हाला सापडला तर या आणि दाखवा.”

गृहस्थ खरंच आले. नाक लावून पाहिलं. मागे गेले, मागच्यांवर आदळले, पुन्हा पुढे आले. मग म्हणाले, “अरेच्चा!” त्यांच्यामागे रांगच लागली. सगळे पुढे-मागे, पुढे-मागे. म्हाताऱ्या बायका, शाळेतल्या बाई, राणे स्वतः. कोणी चष्मे काढत होतं, कोणी घालत होतं. अर्धा तास हॉलमध्ये कुणी धड एका जागी उभं नव्हतं.

या सगळ्यांचे आभार कसे मानायचे मला कळेना, म्हणून खुर्च्या लावायला लागलो. त्याही लोकांनी हातातून काढून घेतल्या.

८ मार्च, शुक्रवार

मुंबईला जाऊन आलो. कंपवात. डॉक्टर तरुण होते, पण घाई केली नाही. बरा होणार नाही, गोळ्यांनी आटोक्यात राहील, किती वर्षं ते सांगता येत नाही. रमाने सगळे प्रश्न लिहून आणले होते. शेवटचा प्रश्न तिने वाचला, “ह्यांना रंगवायला हरकत नाही ना?” मला त्याची कल्पनाही नव्हती. डॉक्टर म्हणाले, मीच सांगणार होतो.

येताना बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानातून तिने रंगाच्या वड्यांची पेटी घेतली, शाळेतली मुलं वापरतात तसली, आणि तीन ब्रश. “जाड दांडीचे द्या,” तिने दुकानदाराला दोनदा सांगितलं.

घाबरलो आहे का? हो. रात्री-अपरात्री जाग येते. पण आता कूस वळवली की ती विचारते, “काय झालं?” आणि मी काही नाही असं म्हणत नाही.

२४ मार्च, रविवार

पहाटेच्या एसटीने आपट्याला गेलो, दोघंच. पाताळगंगेच्या काठाला आंब्याच्या सावलीत सतरंजी टाकली. रमाने बाटलीतून पाणी ओतून दिलं, कागद फळीला चापांनी पक्का केला आणि स्वतः मासिक उघडून बसली. बघत नाही असं दाखवत होती.

पहिले दोन कागद चिखल झाले. तिसऱ्यावर जरा पाणी दिसू लागलं. गोळीचा अंमल होता तेवढा तासभर हात बरा होता, मग सुरू झाला. मी थांबलो नाही. चित्र चांगलं नाही, हे मला कळण्याइतकं आता कळतं. पलीकडची झाडं कोबीसारखी झाली आहेत. पण सावलीत काळा नाही.

घाटावर एक बाई कपडे धूत होती. तिचं धुणं झालं, पिळे खांद्यावर टाकून वर आली, आमच्या मागे उभी राहिली. रमाने नाव विचारलं. ठमाबाई.

“नदी बरी हाय,” ठमाबाई म्हणाली. “पन मला नाय काढली? सकालपासना हाय मी तितं.”

मी म्हणालो, माणूस काढायची मला हिंमत होत नाही. हात हलतो.

“मग काय झाला? काढा.”

घाटाची पायरी होती तिथे ब्रश टेकवला. तिच्या लुगड्याचा लाल. टेकवताना हात जोरात हलला आणि ठिपका सरळ उतरायचा तो एका बाजूला ओढला गेला, वाकडा झाला. मी पुसायला फडकं उचललं.

ठमाबाईने माझं मनगट धरलं. “अवो, राहू द्या! बरोबर हाय.” मग खाली वाकून पाहिलं, घाटाकडे वळून हाक मारली, “गो हौसा, ये बघ! मी हाय ही. धुताना वाकलेय बघ कशी!”

हौसा ओल्या हातांनी धावत आली. दोघी त्या एका ठिपक्याकडे बघत हसत राहिल्या. मग हौसा म्हणाली, आता मला पण. मी तिला हिरवी काढली.

साडेबाराची एसटी आमच्या समोरून गेली. मी उठायला लागलो तर रमा म्हणाली, “जाऊ दे. दोनला आहे दुसरी.”